मंजुषाची साक्ष

मिराबाई : तुमी उन्हाच्या आल्या दीदी, पानी प्या. पन मी चर्चला काहून येत न्हाई, ते इचारू नका.

एस्तेर : अहो, तेच तर विचारायला आले. एवढ्या उन्हात काय तुमची हळद बघायला आले का?

मिराबाई : बघा की. औंदा चांगली निघाली.

एस्तेर : बघितली. देव अजून आशीर्वाद देवो. आता सांगा. किती रविवार झाले, तुमची जागा रिकामी. संडे स्कूलची पोरं मंजूताई कुठंय म्हणून माझं डोकं खातात. पास्टर म्हणाले, मिराबाई आजारी असतील, जाऊन ये.

मिराबाई : आजारी न्हाई.

एस्तेर : मग रुसलात?

मिराबाई : तिथं नका बसू, ताडपत्री तापली हाय. बाजेवर बसा, सावलीला.

(कळमनुरीच्या अलीकडच्या तांड्यावर, मिराबाईच्या अंगणात उकडलेली हळद वाळत पडली होती. एस्तेर पास्टरची बायको. माहेर जालन्याचं, बोलणं गोड, आणि घरोघरी जाऊन माणसं सांभाळायची तिची हातोटी सगळ्या मंडळीला ठाऊक. मिराबाईची लेक मंजुषा संडे स्कूलला शिकवायची आणि आईला तांड्याच्या बंजारा बोलीत ‘याडी’ म्हणायची. मिराबाईनं एस्तेरला पाणी दिलं, सावलीतली बाज दिली आणि आपण मात्र उन्हातच बसून हळद खालीवर करत राहिली. नवरा गेला तेव्हा जिच्या गळ्यात पडून ती रडली होती, तिच्याशेजारी बसणं आज तिच्या जिवावर आलं होतं.)

एस्तेर : मंजू कुठंय?

मिराबाई : आत हाय. मशिनीवर ब्लाउज शिवून राहिली. हळू बोला.

एस्तेर : का हो? काही झालंय का? अमरसिंगच्या घरचे लग्नाची तारीख काढायला येणार होते ना?

मिराबाई : आले न्हाईत. येनार बी न्हाईत.

एस्तेर : म्हणजे?

मिराबाई : मोडलं.

एस्तेर : असं कसं मोडलं? त्या लोकांनी स्वतःहून मागणी घातली होती. कनेरगाव नाक्याच्या सभेत मंजूची साक्ष ऐकली आणि लगेच माणूस पाठवला. अमरसिंगची आई रडत होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणाली, जिला देवानं हात लावून बरं केलं अशी सून मला पाहिजे.

मिराबाई : व्हय. साक्ष ऐकून आले आन् साक्षीपायीच गेले.

एस्तेर : मला नाही कळलं.

मिराबाई : कळंल. दीदी, पोळ्याच्या टायमाला मी तुमच्या सैपाकघरात आले व्हते. तुमी पुरन वाटत व्हत्या.

एस्तेर : आठवतं.

मिराबाई : मी एक गोष्ट सांगितली. आन् शेवटी काय म्हनले?

एस्तेर : कुणाला सांगू नका म्हणालात.

मिराबाई : पास्टरला बी नका सांगू म्हनले.

एस्तेर : पास्टरलाही नाही सांगितलं. आजपर्यंत नाही. आपल्यात शपथ घ्यायची रीत नाही, नाही तर माझ्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला असता.

मिराबाई : मग अमरसिंगच्या आत्याला कसं कळलं?

एस्तेर : काय कळलं?

मिराबाई : आता माझ्या तोंडून वदवता व्हय? तेच. की मिराबाईची पोरगी लोकांपुढं उभी राहून साक्ष देती, देवानं माझ्या फिटा नेल्या, मला गोळी लागत न्हाई. आन् तिची माय तिला रोज फिटचीच गोळी चारती. कॅल्शियमची हाय, कंबरेला ताकद येती, असं सांगून.

एस्तेर : हे त्यांना… नाही. मिराबाई, माझ्याकडून नाही.

मिराबाई : आपल्या दोघींबिगर कोनाला ठाऊक व्हतं?

एस्तेर : डॉक्टरला?

मिराबाई : डॉक्टरला साक्षीचं काय ठाऊक. मी हिंगोलीला जाते, चिठ्ठी दावते, गोळ्या घेते. पाकिटातून काढून डबीत भरते, पाकीट मोंढ्याकडच्या उकिरड्यावर टाकून एसटीत बसते. घरी पोरीला त्याच्यावरचं नाव दिसू नये म्हनून. इतकं जपलं मी, दीदी.

एस्तेर : मग त्या बाईला स्वप्न पडलं का?

मिराबाई : धुरपताबाई तिचं नाव. हिंगोलीतच राहती. दिवाळी झाल्यावर तिथं बायांची उपास-प्रार्थना झाली. तुमी गेल्या व्हत्या.

एस्तेर : गेले होते.

मिराबाई : ती उशिरा आली. मागं दाराशी बसली. तवा तुमी उभ्या राहून प्रार्थना करत व्हत्या.

एस्तेर : थांबा. थांबा जरा.

मिराबाई : थांबले.

एस्तेर : त्या दिवशी… त्या दिवशी ओझ्यांची प्रार्थना होती. एकेकीनं उठायचं, मंडळीतल्या एका बहिणीचं ओझं देवाच्या चरणी ठेवायचं.

मिराबाई : आन् तुमी माझं ठेवलं.

एस्तेर : मी देवाला सांगितलं, मिराबाई. माणसांना नाही.

मिराबाई : देवाला ठाऊकच व्हतं. त्याला मी रोज सांगत व्हते, गोळी हातात घेताना, पोरीच्या तळव्यावर ठेवताना. ज्यांना ठाऊक नव्हतं त्या बाया बसल्या व्हत्या तिथं.

एस्तेर : माझे डोळे मिटलेले होते. कोण आलं, कोण गेलं, मला काय दिसणार?

मिराबाई : तुमचे डोळे मिटले व्हते. त्यांचे कान उघडेच व्हते की.

एस्तेर : मी तुमच्यासाठी रडत होते हो. माझ्या तोंडून काय निघतंय याचं भान नव्हतं मला.

मिराबाई : नाव बराबर निघालं. कळमनुरीकडची मिराबाई, तिची लेक मंजुषा. भीमसिंगनं मला सांगितलं तसंच सांगते. तोच सोयरीक जुळवनारा, तोच निरोप घेऊन आला. धुरपताबाईनं त्याला सगळी प्रार्थना म्हनून दाखवली.

एस्तेर : नाव घेऊनच करतो ना आपण. मीच शिकवलंय सगळ्या बायांना, मोघम प्रार्थना करू नका, नाव घेऊन मागा.

मिराबाई : शिकवलंय. मी बी तसंच करते. तुमच्या जालन्याच्या बहिनीचं नाव मी रोज घेते. पन घरात घेते, दीदी.

एस्तेर : मला क्षमा करा.

मिराबाई : त्यांनी तवाच मोडलं असतं तरी बरं झालं असतं. त्या बाईनं पोटात ठेवलं. नाताळात मंजुषा अजून एकदा साक्ष द्यायला उभी राहिली, ते ऐकलं, मग बोलली. म्हंजे एवढ्या बायांना कळल्यावर बी पोरीला ठाऊक नव्हतं, असं म्हनायची सोय राहिली न्हाई.

एस्तेर : मिराबाई, माझ्याकडं बघा तरी.

मिराबाई : न्हाई बघवत. तुमाला ठाऊक हाय, माझं कोन उरलं व्हतं? मंजुषाच्या बापाच्या किडन्या गेल्या, तवा त्याची भावकी म्हनली, वसराम चर्चला जाऊन राहिला म्हनून झालं. मयतीला बी चौघंच आले. नांदेडला रक्त धुवायला त्याला कोनी नेलं? तुमी. पास्टरनं गाडी काढली, तुमी डबा दिला. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असायची आन् तुमी माझ्या डोक्याला तेल लावायच्या. माझ्या सख्ख्या बहिनीनं केलं नसतं ते.

एस्तेर : ते खोटं होतं का?

मिराबाई : खरं व्हतं. म्हनून तर जास्त लागलं. भावकीनं तोंड फिरवलं, मी रडले आन् इसरले. तुमचं इसरता येईना.

एस्तेर : मी चुकले. माझं पाप आहे ते. पण एक सांगू? रागावू नका. तुम्ही तरी सोयरीक जुळवताना खरं कुठं सांगितलं त्यांना?

मिराबाई : न्हाई सांगितलं. मी कुठं म्हनते मी धुतल्या तांदळाची हाय? तारीख काढायला आले की त्याच्या मायला आत नेऊन सांगनार व्हते. मायच हाय ती बी, समजली असती.

एस्तेर : आणि मंजूला?

मिराबाई : तिला कोन्या तोंडानं सांगू? तुमाला ठाऊक न्हाई का तिचा हट्ट? कनेरगावच्या आधीच्या त्या मोठ्या सभेतून आली, एकीची साक्ष ऐकून नाचत आली. म्हनली, याडी, मी बरी झाले, माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. घरातल्या व्हत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या आन् आडात फेकल्या. मी म्हनले बाई, डॉक्टरला इचारू. म्हनली, तुझा इश्वास कमी हाय.

एस्तेर : पास्टरांनी तिला सांगितलं होतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नको.

मिराबाई : सांगितलं, पन हळू सांगितलं. टाळ्या मोठ्यानं वाजल्या व्हत्या. महिना बरा गेला. मग एका रात्री तिला झोपेत आली. दात आवळलेले, डोळे पांढरे, जीभ चावलेली. मी एकटी. तिचा बाप तवा नांदेडला पडलेला. सकाळी उठून इचारती, याडी, माझी जीभ काहून दुखती? मी म्हनले, काल भाजलेलं कनीस घाईनं खाल्लंस, तवा चावलीस.

एस्तेर : हे तुम्ही मला नव्हतं सांगितलं.

मिराबाई : सगळं कोन कोनाला सांगतं. दुसऱ्या दिशी हिंगोली गाठली.

मंजुषा : दीदी, चहा. याडी, तू किती वेळ उन्हात बसशील? डोकं धरेल मग.

मिराबाई : तू कवा आली?

मंजुषा : आत्ताच. काज करायचे राहिलेत, हातानं करीन. दीदी, साखर कमी टाकलीय, तुम्हाला चालते तशी. आज मुद्दाम आलात ना?

एस्तेर : हो बाळा. तुम्ही दोघी दिसत नाही म्हणून.

मंजुषा : मला येऊ वाटत नाही. सगळे विचारतात, तारीख निघाली का. काय सांगू? याडी म्हणते, त्याच्या आत्याला दुसरी पोरगी पसंत पडली. आत्या करणार होती का लग्न? अमरसिंग फोन उचलत नाही. आधी दुकान उघडल्यावर पहिला फोन मला करायचा, मग पंक्चर काढायला बसायचा.

एस्तेर : मंजू…

मंजुषा : तुम्ही ओळखता ना त्यांच्या घरच्यांना? तुम्ही तरी विचारा. माझ्यात काय कमी पडलं, एवढंच विचारा. मी भांडणार नाही.

एस्तेर : बाळा, ये, माझ्याजवळ बस. मिराबाई, तुम्ही पण या. आधी प्रार्थना करू. प्रभूपुढं सगळं मोकळं करू, मग तो मार्ग दाखवील. डोळे मिटा.

मिराबाई : थांबा दीदी.

एस्तेर : फक्त दोन शब्द.

मिराबाई : एक बी नको. प्रार्थनेत नका सांगू. या टायमाला मी सांगते.

मंजुषा : काय सांगायचंय?

मिराबाई : चहा ठेव खाली.

मंजुषा : याडी, काय झालं?

मिराबाई : तुझ्यात काही कमी न्हाई पडलं. तू जेवन झाल्यावर घेतेस ती गोळी कॅल्शियमची न्हाई. फिटची हाय.

मंजुषा : कोणती? डबीतली पांढरी?

मिराबाई : व्हय.

मंजुषा : ती तर कंबरेची आहे.

मिराबाई : मी तसं सांगितलं.

मंजुषा : कधीपासून?

मिराबाई : तू आडात टाकल्या, त्याच्या पुढच्या महिन्यापासून. तुला झोपेत आली व्हती. तुझी जीभ दुखत व्हती ना, ते कनसानं न्हाई.

मंजुषा : मी विचारलं होतं तुला.

मिराबाई : इचारलं व्हतं.

मंजुषा : म्हणजे मी बरी झालेच नाही.

मिराबाई : बरीच हायस. त्याच्यावर एकदा बी आली न्हाई. झोपेत बी न्हाई. मी रोज उठून बघते.

मंजुषा : गोळीनं.

मिराबाई : गोळी बी देवानंच दिली की. दीदी म्हनल्या व्हत्या तसं.

मंजुषा : दीदी म्हणाल्या होत्या? दीदींना माहीत आहे?

एस्तेर : मंजू, तुझ्या आईला झोप लागत नव्हती. आपण पाप करतोय असं त्यांना वाटत होतं. त्या माझ्याकडं आल्या, मी त्यांना समजावलं, औषधातूनही देवच काम करतो.

मंजुषा : कधी आली होती?

एस्तेर : पोळ्याला.

मंजुषा : पोळ्याला. नाताळ नंतर आला.

एस्तेर : हो.

मंजुषा : नाताळात मला कुणी उभं केलं?

एस्तेर : मी.

मंजुषा : मी नको म्हणत होते. म्हटलं, दीदी, तीच तीच साक्ष काय द्यायची, लोक कंटाळतील. तुम्ही म्हणालात, नव्या लोकांनी ऐकली पाहिजे. माझे केस तुम्ही विंचरून दिले. आणि कनेरगाव नाक्याला? ते तर दिवाळीच्या आधी. पण पोळ्यानंतरच.

एस्तेर : तेही मीच.

मंजुषा : तिथं मी म्हणाले, माझ्या घरात फिटची एक गोळी सापडली तर मला खोटी म्हणा. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. आमेन म्हणालात.

एस्तेर : म्हणाले.

मंजुषा : काहून?

एस्तेर : काय सांगू तुला. जालन्याला माझी रिबेका आहे, धाकटी बहीण. कितीतरी वर्षं अंथरुणावर. मी इतकी प्रार्थना केली, इतके उपास केले, तिचं एक बोट हललं नाही. तू उभी राहून बोलायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, एकीला तरी मिळालं. तेवढ्यावर मी माहेरी जायचे, तिच्या पाठीच्या जखमा धुवायचे. तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मी ऐकलं सगळं. पण मनात घेतलंच नाही. मला ते खरंच राहायला पाहिजे होतं.

मंजुषा : तुम्हाला पाहिजे होतं.

एस्तेर : आणि लोकांना. तुझं ऐकून किती बाया धीरानं जगायला लागल्या, बाळा.

मंजुषा : त्यातल्या कुणी गोळ्या फेकल्या असतील तर? माझं ऐकून?

एस्तेर : नाही गं. असं कुणी…

मंजुषा : मीच तर फेकल्या होत्या. दुसऱ्या एकीचं ऐकून.

मिराबाई : मंजू, हळू. शेजारचे ऐकतील.

मंजुषा : ऐकू दे ना. आता काय उरलंय? अमरसिंगला कसं कळलं? तू सांगितलंस?

मिराबाई : न्हाई.

मंजुषा : मग?

एस्तेर : माझ्यामुळं. हिंगोलीत प्रार्थनेत मी बोलून गेले. त्याची आत्या मागं बसली होती. मला दिसली नाही.

मंजुषा : म्हणजे प्रार्थनेत तुम्ही खरं सांगितलंत. आणि सभेत माझ्याकडून खोटं वदवून घेतलंत.

एस्तेर : असं नको बोलू.

मंजुषा : मग कसं बोलू? याडी, त्यांचा निरोप काय आला? खरा सांग. दुसरी पोरगी बिरगी नको सांगू.

मिराबाई : जाऊ दे.

मंजुषा : सांग.

मिराबाई : अमरसिंगची माय म्हनली, आजार चालला असता, आजार कोनाच्या घरात न्हाई. पन देवाचं नाव घेऊन लोकांपुढं खोटं बोलनारी पोरगी आमाला नको.

मंजुषा : असं म्हणाली.

मिराबाई : मी भीमसिंगच्या पाया पडले. म्हनले, तिला ठाऊकच न्हाई, मी चारते. तो म्हनला, वहिनी, कोन इश्वास ठेवंल? एवढी शिकलेली पोरगी, रोजची गोळी कशाची हाय ते तिला कळंना?

मंजुषा : बरोबर आहे त्याचं. मलाच कळायला पाहिजे होतं. पण गोळी तुझ्या हातातून येत होती, याडी. तुझ्या हातातलं कशाला वाचून बघू?

मिराबाई : मी तुला मरू द्यायला पाहिजे व्हतं का? सांग ना. तुझा बाप जाऊन राहिला व्हता. तू बी गेली असती तर मी काय केलं असतं?

मंजुषा : नाही. मरू द्यायला नकोच होतं. मला सांगायला पाहिजे होतं. रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. मग घेतली असती. आणि साक्षही दिली असती. देवानं गोळी दिली, ती घेते आणि बरी आहे, अशी. कुणी टाळ्या नसत्या वाजवल्या. पण माझी असती ती.

मिराबाई : चुकलं माझं.

मंजुषा : मी रोज सकाळी उठून देवाला म्हणायचे, तुझ्याशिवाय मला कुणी बरं केलं नाही. आता वाटतं तो ऐकून काय म्हणत असेल.

एस्तेर : तो तुझ्यावर रागावणार नाही, मंजू. तू मनापासून बोललीस.

मंजुषा : तुम्हाला कसं माहीत?

एस्तेर : हे बघ, मी धुरपताबाईकडं जाते. उद्याच जाते हिंगोलीला. सांगते, मंजूला ठाऊक नव्हतं, पोरगी निर्मळ आहे.

मंजुषा : जाल?

एस्तेर : जाते ना. तिच्या पाया पडेन.

मंजुषा : आणि तुम्हाला ठाऊक होतं, ते सांगाल? तुम्हाला ठाऊक असताना मला उभं केलंत, ते?

मिराबाई : ते बी सांगाल का, दीदी?

एस्तेर : त्यात पास्टर येतात, मिराबाई. सगळी मंडळी येते. लोक म्हणतील, सगळ्याच साक्षी अशाच असतील. किती कष्टानं उभं केलंय आम्ही इथं. तुम्ही पाहिलंय.

मंजुषा : पण तुम्हाला ठाऊक होतं हे निघालं नाही, तर मला ठाऊक नव्हतं यावर कोण विश्वास ठेवील? दोन्ही एकत्रच सांगावं लागेल.

एस्तेर : मला थोडा वेळ दे. मी आधी पास्टरांशी बोलते.

मिराबाई : म्हंजे न्हाई.

एस्तेर : नाही म्हणत नाहीये मी. वेळ मागतेय.

मिराबाई : दीदी, मी माझी पोरगी जगावी म्हनून खोटं बोलले. तुमी सांगा, तुमी कशासाठी गप राहता?

एस्तेर : मिराबाई, मी माणूसच आहे हो.

मिराबाई : व्हय. ते मी इसरले व्हते. माझीच चूक.

मंजुषा : याडी, डबी कुठंय?

मिराबाई : काहून? मंजू, तू पुन्हा आडात… बघ, तुझ्या बापाची आन हाय तुला. लग्न गेलं तर जाऊ दे, चर्च गेलं तर जाऊ दे. गोळी सोडू नको. मी पाया पडते तुझ्या.

मंजुषा : उठ. असं करू नको. सोडत नाही.

मिराबाई : मग डबी कशाला?

मंजुषा : माझ्याजवळ राहू दे. आजपासून माझी मी घेईन. आणि पुढच्या खेपेला हिंगोलीला मी येते, डॉक्टरला मला विचारायचंय. पाकीट फेकायचं नाही.

मिराबाई : मी देईन की जेवल्यावर. सवय हाय मला.

मंजुषा : नको. तुझ्या हातून नको.

मिराबाई : मायच्या हातून नको?

मंजुषा : आत्ता नको, याडी. पुढं बघू.

मिराबाई : फळीवर हाय. तिखटाच्या डब्यामागं.

एस्तेर : मी निघते. उन्हं कलायला लागली. मंजू, रविवारी ये. पोरांसाठी ये. बाकी कुणाशी बोलू नकोस हवं तर, मागच्या दारानं ये.

मंजुषा : पोरांना काय शिकवू?

एस्तेर : तू नेहमी शिकवतेस तेच.

मंजुषा : ते मला बसून आठवावं लागेल आधी. त्यातलं माझं किती होतं ते.

मिराबाई : चहा तसाच राहिला तुमचा.

एस्तेर : नको आता. मिराबाई, इतकी वर्षं या उंबऱ्यातून मी प्रार्थना केल्याशिवाय कधी गेले नाही. वसरामभाऊ असताना नाही, ते गेल्यावर नाही. आज तशीच गेले तर मला रात्रभर डोळा लागणार नाही. करू का?

मिराबाई : मंजूला इचारा.

एस्तेर : करू का, बाळा?

मंजुषा : करा, दीदी. पण मनातल्या मनात करा. आणि माझं नाव घेऊ नका.